मुलांचे टॉन्सिल्स कोणत्या पद्धतीनं काढायचे? पालकांचे नेहमीचे प्रश्न

पूर्वी ओपीडीत पालक विचारायचे, "डॉक्टर, ऑपरेशन करावंच लागेल का?" आता मोबाइल पुढे धरतात आणि विचारतात, "तुमच्याकडे कोब्लेशन आहे का?" मी कान-नाक-घशाचा सर्जन आहे. टॉन्सिल्स स्टीलच्या हत्यारांनी काढायला शिकलो, मग डायथर्मीनं (विजेच्या उष्णतेनं) काढले, आता बरेचदा कोब्लेशननं (सलाइन आणि रेडिओ लहरींवर चालणाऱ्या कांडीनं) काढतो. त्यामुळे कुठल्याही एका यंत्राची जाहिरात इथे मिळणार नाही. पालक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं मात्र सविस्तर देतो.

टॉन्सिल्स म्हणजे घशात मध्ये लोंबतं तेच ना?

नाही, ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना, जिभेच्या मुळाशी ज्या दोन गाठी दिसतात ते टॉन्सिल्स. नाकाच्या मागे, टाळूच्या वर अशीच आणखी एक गादी असते, ती ॲडेनॉइड. ती तोंडातून दिसत नाही, पण लहान मूल रात्री तोंड उघडं टाकून झोपत असेल तर बहुतेक वेळा हीच वाढलेली असते. म्हणून पुष्कळ मुलांमध्ये दोन्हीचं ऑपरेशन एकाच भुलीत उरकतात.

मोठे दिसतात म्हणून काढायचे का?

नुसते मोठे दिसतात म्हणून नाही. चार ते सात वर्षांच्या कितीतरी मुलांचे टॉन्सिल्स मोठे असतात आणि पुढे आपोआप आकसतात. शाळेच्या तपासणीत कुणी कार्डावर "टॉन्सिल्स वाढलेले" लिहिलं म्हणून घाबरून जाऊ नका.

काढण्याची मुख्य कारणं दोन. पहिलं म्हणजे घसा वारंवार धरणं. त्यासाठी जगभर वापरला जाणारा हिशोब अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे बालरोगतज्ज्ञ जॅक पॅराडाइज यांच्या १९८४ च्या अभ्यासातून आला. एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा. आणि "घसा धरला" म्हणजे साधी सर्दी-खोकल्याची खवखव मोजायची नाही. सोबत ३८.३ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप, टॉन्सिल्सवर पांढरे ठिपके, मानेला दुखऱ्या गाठी किंवा स्ट्रेप्टोकोकस या जंतूची तपासणी पॉझिटिव्ह, यातलं किमान एक तरी हवं.

इथे आपल्याकडची अडचण सांगतो. बहुतेक घरांत याची नोंदच नसते. "सारखं होतं हो डॉक्टर" एवढंच हाती लागतं. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करा आणि ताप किती होता ते बाजूला लिहा. सहा महिन्यांनी ते पान माझ्या कुठल्याही तपासणीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. काही वेळा ते पान पाहूनच आम्ही दोघंही म्हणतो, राहू द्या, थांबू या.

आणि घोरणं?

हे दुसरं कारण, आणि माझ्या मते पालक ज्याकडे सर्वात उशिरा बघतात ते. मूल घोरतं, मध्येच श्वास अडकतो, दचकून कूस बदलतं, मान मागे टाकून झोपतं, अंथरुण ओलं करतं, सकाळी चिडचिड करतं. घरात मात्र कौतुक असतं, "अगदी आजोबांसारखा घोरतो." कौतुक पुरे. झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलाचा रात्रीचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून आणा, अंगावरचा शर्ट वर करून, म्हणजे छाती कशी आत ओढली जाते ते दिसेल.

अमेरिकेत ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर केलं, निम्म्यांना सात महिने नुसतं नजरेखाली ठेवलं. ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल झाली. पण नुसत्या थांबलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची झाली. लक्ष लागण्याच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही, वागणं आणि झोप मात्र ऑपरेशन झालेल्यांची जास्त सुधारली. म्हणजे त्रास सौम्य असेल तर काही महिने वाट पाहणं हा निष्काळजीपणा नव्हे. आणि ऑपरेशनमुळे मूल गणितात पहिलं येईल अशी आशाही धरू नका.

पद्धती एकूण किती आहेत?

हत्यारं मोजायला गेलात तर डझनभर निघतील. ती मोजण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो फार कमी पालक विचारतात. टॉन्सिल पूर्ण, आवरणासकट काढणार, की आवरण ठेवून आतला गाभा काढणार? आधी हे ठरतं. ते कशानं करायचं, हे नंतर.

पूर्ण काढणं आणि आतून काढणं, म्हणजे नक्की काय?

मोसंबीची फोड डोळ्यासमोर आणा. बाहेर पातळ पांढरा पापुद्रा, आत गर. टॉन्सिललाही असंच एक आवरण असतं. त्या आवरणाच्या पलीकडे लगेच घशाचा स्नायू. रक्तवाहिन्या आणि नसा त्या स्नायूच्या बाजूनं येतात.

पूर्ण काढण्यात आवरणाबाहेरून शिरून अख्खी फोड सोडवतात. मागे स्नायू उघडा पडतो. आपण दिवसातून शेकडो वेळा गिळतो, आणि प्रत्येक घोटाला तो उघडा स्नायू हलतो. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्याचं हे मूळ आहे.

आतून काढण्यात गर काढून घेतात आणि पापुद्रा, त्याला चिकटलेल्या अगदी पातळ थरासकट, जागेवर ठेवतात. स्नायू झाकलेला राहतो. दुखणं कमी, रक्तस्रावाचा धोका कमी, मूल लवकर जेवायला लागतं. मोबदल्यात थोडा टॉन्सिल शिल्लक राहतो, तो कधीकधी पुन्हा वाढतो.

ही कल्पना नवी वाटते, पण जुनीच आहे. १८२८ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिझिक यांनी वापरात आणलेलं गिलोटिन टॉन्सिलचा पुढे आलेला भाग छाटायचं, बुंधा बरेचदा आतच राहायचा. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण काढण्याची पद्धत रुजली. लंडनचे सर्जन जॉर्ज वॉ यांनी १९०९ साली कापून सोडवण्याची रीत नीट मांडली. पुढची नव्वदेक वर्षं "मुळापासून काढलं तरच खरं" हेच शिकवलं गेलं, मलाही. श्वास अडकणाऱ्या मुलांसाठी अर्धवट काढणं पुन्हा आलं ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत.

जुनी, "थंड" पद्धत कशी असते?

थंड म्हणजे उष्णता न वापरता. मूल पूर्ण भुलीत, खांद्याखाली गुंडाळी, मान मागे. सर्जन डोक्याच्या बाजूला बसतो. तोंड उघडं ठेवायला धातूची चौकट लावतात, तिची जीभ दाबणारी पट्टी मध्ये बसते आणि चौकट दोन दांड्यांवर तोलून धरतात. टॉन्सिल चिमट्यात धरून आतल्या बाजूला ओढला की पुढच्या कडेला आवरणाची रेघ दिसते. तिथे छोटा छेद, मग बोथट डिसेक्टरनं वरून खाली टॉन्सिल सोडवत आणायचा. खालच्या टोकाला तारेचा फास घालून तोडायचा. खड्ड्यात गॉज दाबून काही मिनिटं धरायचं, मग रक्तवाहिनी दिसेल तिथे दोऱ्याची गाठ.

वेळ जास्त लागतो, ऑपरेशनच्या वेळी रक्त थोडं जास्त जातं. पण आजूबाजूची जागा भाजत नाही. खोल खड्ड्यात दोऱ्याची गाठ मारणं हे हाताचं काम आहे, आणि नव्या पिढीत ते शिकायला मिळणं कमी होत चाललंय याचं मला वाईट वाटतं.

डायथर्मी म्हणजे जाळून काढतात का?

विजेच्या उष्णतेनं कापतात आणि त्याच वेळी रक्तवाहिनी बंद करतात. टोकाशी तापमान ४०० अंशांच्या वर जाऊ शकतं. ऑपरेशन पटकन होतं, टेबलावर रक्त जवळपास दिसत नाही, यंत्र प्रत्येक ऑपरेशन थिएटरात (ओटीत) असतं, जादा खर्च नाही. तोटा असा की शेजारचा स्नायूही थोडा भाजतो, म्हणून दुखणं जास्त आणि जास्त दिवस. बायपोलर चिमट्यात वीज दोन टोकांमध्येच फिरते, म्हणून ती मोनोपोलरपेक्षा (त्यात वीज अंगातून फिरून जाते) सौम्य.

पुष्कळ ठिकाणी मिश्र पद्धत चालते. टॉन्सिल थंड हत्यारांनी सोडवतात, रक्त थांबवायला बायपोलरचे मोजके ठिपके. कागदावर तिला वेगळं नाव नसतं, पण आपल्याकडच्या कित्येक मुलांचे टॉन्सिल्स असेच निघाले आहेत.

कोब्लेशन हे लेसर आहे का?

नाही, जरी कित्येक पाट्यांवर दोन्ही शब्द शेजारी असले तरी. एक कांडी असते, तिला वॉण्ड म्हणतात. तिच्या टोकावर सलाइन ठिबकत राहतं. रेडिओ लहरींची ऊर्जा दिली की त्या मिठाच्या पाण्याचा टोकापुरता पातळ प्लाझ्मा थर (विद्युतभारित वायूचा, रक्तातला प्लाझ्मा नव्हे) तयार होतो, पिवळसर-नारिंगी चमकतो आणि पेशींमधले बंध तोडतो. त्याच कांडीतून पाणी आणि तुकडे ओढूनही घेतले जातात. तापमान साधारण ४० ते ७० अंश, म्हणजे डायथर्मीच्या मानानं बरंच कमी. "बिनउष्णतेचं" म्हणणं मात्र खरं नाही. ७० अंशाचं पाणी हातावर घेऊन बघा.

कोब्लेशननं टॉन्सिल पूर्णही काढता येतो आणि आतूनही. जाहिरातीत "कोब्लेशन, वेदना कमी" असं दिसलं की विचारा, कुठलं? कारण वेदना खऱ्या अर्थानं कमी होते ती आतून काढण्यात. आवरणासकट पूर्ण काढायला कोब्लेशन वापरलं, तर इतर पद्धतींशी तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्र आढावा असं सांगतो की पहिल्या दिवशी दुखणं थोडं कमी असू शकतं, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी रुग्णाला जाणवेल असा फरक राहत नाही.

लेसर, हार्मोनिक, मायक्रोडिब्रायडर?

लेसरनं मुलांचे टॉन्सिल्स काढणं आता मागे पडलं. उष्णता जास्त, आणि ऑक्सिजनच्या नळीशेजारी आगीची काळजी वेगळी घ्यावी लागते. हार्मोनिकचं पातं सेकंदाला ५५ हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि त्या कंपनानं कापतं, चांगलं चालतं, महाग पडतं. मायक्रोडिब्रायडर म्हणजे नळीत फिरणारं पातं, आतला गर किसून ओढून घेतं. २००० नंतर अमेरिकेत आतून काढण्याची पद्धत पसरली ती बऱ्याच अंशी याच्यामुळे.

रक्तस्राव कोणत्या पद्धतीत कमी?

या प्रश्नाला जरा वेळ देतो, कारण टॉन्सिलच्या ऑपरेशनमधला खरा धोका हाच.

ब्रिटनमध्ये २००१ च्या जानेवारीत एक नियम आला. वेड्या गाईच्या रोगाशी जोडलेला मेंदूचा आजार टॉन्सिलच्या हत्यारांमधून पसरेल या भीतीनं, हत्यारं एकदा वापरून फेकून द्यायची. हेतू चांगला होता. पण त्या घाईत आलेली फेकाऊ हत्यारं, विशेषतः डायथर्मीची, नेहमीच्या हत्यारांसारखी नव्हती आणि रक्तस्राव वाढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडनं नियम मागे घेतला. न झालेल्या आजाराच्या भीतीनं केलेल्या बदलात मुलांना झालेला त्रास खरा होता.

त्यानंतर तिथे मोठी मोजदाद झाली. जुलै २००३ ते सप्टेंबर २००४, इंग्लंड आणि उत्तर आयर्लंड, ३३ हजारांहून जास्त रुग्ण, लहान-मोठे सगळे. एकूण रक्तस्राव शंभरात साधारण साडेतीन. पूर्ण थंड पद्धतीत, दोऱ्याच्या गाठी मारून, सर्वात कमी. कापायला आणि रक्त थांबवायला दोन्हीसाठी उष्णता वापरली तिथे सुमारे तिप्पट. कोब्लेशनचाही आकडा तेव्हा जास्तच आला. ते यंत्र नवं होतं, हात बसलेले नव्हते, हे खरं. नंतरच्या अभ्यासांत अनुभवी हातांत कोब्लेशनचा आकडा बराच खाली आलेला दिसतो.

आतून काढण्यात मात्र, हत्यार कुठलंही असो, रक्तस्राव पूर्ण काढण्यापेक्षा कमी असतो. रक्तवाहिन्या आवरणापलीकडेच राहतात, तेव्हा हे ओघानंच आलं.

आतून काढले तर परत वाढतील ना? मग दोनदा ऑपरेशन?

वाढू शकतात. स्वीडनमध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशनांची देशव्यापी नोंद ठेवतात. तिथल्या आकड्यांनुसार अर्धवट काढलेल्यांपैकी शंभरात काही मोजक्या मुलांना पुन्हा ऑपरेशन लागलं, पूर्ण काढलेल्यांपेक्षा हे प्रमाण नक्कीच जास्त. मूल जितकं लहान, तितकी शक्यता जास्त. दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या पालकांना मी हे ऑपरेशनआधी दोनदा सांगतो, आणि दुसऱ्यांदा सांगताना आजीलाही आत बोलावतो. नाहीतर तीन वर्षांनी "अर्धंच काढलं होतं म्हणे" असं ऐकायला लागतं.

मग माझ्या मुलाला कोणतं चांगलं?

मूल मुख्यतः घोरतं, श्वास अडकतो, घसा फारसा धरत नाही, तर आतून काढणं. माझ्या स्वतःच्या घरातलं मूल असतं तर मीही तेच केलं असतं. मूल लवकर खेळायला लागतं, अभ्यासांत हा फरक चारेक दिवसांचा दिसतो.

घसा वर्षानुवर्षं धरतोय, टॉन्सिलशेजारी पू होऊन गेलाय, तर पूर्ण काढणं. संसर्गासाठी आतून काढल्यानंतरही बऱ्याच मुलांचा त्रास थांबतो असं काही सर्जन सांगतात, पण तिथे पुरावा अजून तितका भक्कम नाही आणि मी पूर्णच काढतो.

यंत्र? ज्यावर तुमच्या सर्जनचा हात बसलाय ते. ज्यानं शेकडो टॉन्सिल्स स्टीलनं काढलेत त्याच्याकडे कोब्लेशनचा हट्ट धरणं म्हणजे चुलीवर उत्तम भाकरी करणाऱ्या बाईला पाहुणे आल्यावर ओव्हन वापरायला लावण्यासारखं.

सर्जनला नेमकं काय विचारू?

पूर्ण काढणार की आतून, आणि माझ्या मुलासाठी तेच का? तुम्ही ही पद्धत नेहमी वापरता का? सातव्या दिवशी रात्री दोनला रक्त आलं तर फोन कोण उचलेल, आणि ओटी उघडेल का? शेवटचा प्रश्न विचारायला पालक संकोचतात. विचारा. चांगला सर्जन त्यानं चिडत नाही.

कोब्लेशन असेल तर आणखी एक. वॉण्ड एकदाच वापरायची असते. ती महाग असल्यानं जंतुविरहित करून पुन्हा वापरण्याचा मोह होतो. तुमच्या बिलात नवी लावली असेल तर नवीच वापरली का, हे विचारण्यात गैर काही नाही.

विम्यात बसतं का?

बऱ्याच पॉलिसींमध्ये टॉन्सिल आणि ॲडेनॉइडच्या ऑपरेशनला प्रतीक्षा काळ असतो. 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत तो २४ महिन्यांचा ठेवलेला आहे. म्हणजे गेल्या दिवाळीत घेतलेली पॉलिसी या मे महिन्यात उपयोगी पडणार नाही. सरकारी योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, कुठल्या रुग्णालयात कोणतं पॅकेज चालू आहे ते त्याला माहीत असतं. योजनेत बहुधा साध्या पद्धतीनंच होईल. वर सगळं वाचलंत तर त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

ऑपरेशनआधी काय सांभाळायचं?

सर्दी-ताप असेल तर पुढे ढकलायचं, भूल देताना श्वासनळी आकसते. घरात कुणाला दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं, मुलाला सहज निळे-काळे डाग पडतात, असं काही असेल तर न विचारता सांगा. रक्ताच्या रिपोर्टपेक्षा ही माहिती मोलाची.

आणि हलणारे दात. हे ऑपरेशन नेमकं दात पडायच्या वयात होतं. तोंडात चौकट बसवताना हलणारा दात निसटून श्वासनळीत जाऊ नये म्हणून भूलतज्ज्ञ तो भुलीतच काढून घेतात. एका मुलीनं शुद्धीवर आल्या आल्या टॉन्सिल्सचं काहीच विचारलं नाही, माझा दात कुठाय म्हणून रडली. तेव्हापासून दात कागदी पाकिटात घालून देतो.

उपाशी ठेवण्याचंही नीट समजून घ्या. जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, पण साधं पाणी बहुतेक भूलतज्ज्ञ दोन तास आधीपर्यंत देऊ देतात. "रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही" ही जुनी शिस्त मुलाला विनाकारण कोरडं पाडते.

घशात पांढरं दिसतंय, पू झालाय का?

नाही. ती ओली खपली. गुडघ्यावर सुकते तशी घशात सुकत नाही, म्हणून पांढरी-पिवळी दिसते आणि तोंडाला वास येतो. पाचव्या ते दहाव्या दिवसांत ती सुटते. अँटिबायोटिक त्यासाठी लागत नाही. याच दिवसांत कान दुखतो असंही मूल म्हणेल. कानात काही झालेलं नसतं. घशाची आणि कानाची संवेदना नेणारी नस एकच, म्हणून.

पूर्ण काढलेल्या मुलांमध्ये दुखणं तिसऱ्या दिवशी कमी वाटतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा वर येतं. पालक नेमकं चौथ्या दिवशी "आता बरं आहे" म्हणून औषध थांबवतात. पहिला आठवडाभर पॅरासिटॅमॉल आणि आयबुप्रोफेन, वजनावरून सांगितलेल्या मात्रेत, घड्याळाप्रमाणे द्या. ॲस्पिरिन नको. कोडीन हे वेदनाशामक या ऑपरेशननंतर अठरा वर्षांखाली नको. काही मुलांच्या यकृतात त्याचं मॉर्फिन फार झपाट्यानं होतं आणि श्वास मंदावतो. टॉन्सिल काढल्यावर अशा मुलांचे मृत्यू झाल्यानंतर अमेरिकेनं २०१३ मध्ये कडक इशारा देऊन या ऑपरेशननंतर मुलांना ते देऊ नये असं सांगितलं आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखाली ते सरसकट देऊ नये असं ठरवलं. ट्रामाडॉल या वेदनाशामकालाही तोच नियम.

आइस्क्रीम खरंच द्यायचं?

द्या, मिळालं तर कुल्फीही. थंडानं घसा बधिरतो. पण आइस्क्रीम हे औषध नाही, पाणी हे औषध आहे. गिळायला दुखतं म्हणून मूल पीत नाही, घसा कोरडा पडतो, मग आणखी दुखतं. दर तासाला चार घोट, मग ते ताक असो, शहाळं असो की पेज. मऊ भात, मुगाचं वरण, शिरा, केळं, दहीभात सगळं चालतं. दहा-बारा दिवस चिवडा, टोस्ट, कुरकुरीत डोसा, भाकरीचा कडक पापुद्रा नको. लिंबू-चिंच झोंबते. हळदीच्या गुळण्या जोरजोरात करायला लावू नका, खपली उकरली जाते.

रक्त आलं तर?

लाळेत एखादी गुलाबी रेघ, तेवढीच, तर मुलाला बसवा, थंड पाणी द्या आणि डॉक्टरांना कळवा. ताजं लाल रक्त आलं, मग ते थांबलं तरी, रुग्णालयात न्या. पहाटेची वाट पाहायची नाही. १५ किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ११०० ते १२०० मिलीलिटर. चहाचा एक कप भरून गेलं तर तो त्याच्या साठ्याचा दहावा हिस्सा. शिवाय मुलं रक्त गिळतात. झोपेत सारखं गिळतंय, चेहरा पांढरा पडलाय, काळपट उलटी झाली, तर तोंडात रक्त दिसो न दिसो, निघा.

गावाला, यात्रेला, लग्नाला जायचं असेल तर दोन आठवडे थांबा. रुग्णालय तासाभराच्या आत हवं.

टॉन्सिल्स काढल्यानं प्रतिकारशक्ती जाते का? आवाज?

शरीरात अशा गाठींचं जाळं मोठं आहे, दोन गेल्यानं पहारा उठत नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींवरून २०१८ साली एक अभ्यास आला. टॉन्सिल्स-ॲडेनॉइड लहानपणी काढलेल्यांत पुढे श्वसनाचे आजार बरेच जास्त दिसले. पण ज्यांचे काढले ती मुलं मुळातच जास्त आजारी असतात, त्यामुळे कारण कुठलं हे तेवढ्यावरून ठरत नाही. गरज नसताना काढू नयेत, एवढा बोध मी त्यातून घेतो. आवाज काही आठवडे मोकळा, किंचित नाकातून वाटतो, मग जागेवर येतो. गाणं शिकणाऱ्या मुलीच्या आईला मी हे लिहून दिलं होतं.

काढलेले टॉन्सिल्स दाखवाल का?

पूर्ण काढले तर हो. ओटीच्या दाराशी छोट्या डबीत दोन गाठी दाखवतो, आजोबा चष्मा वर करून बघतात, "एवढे मोठे होते?" म्हणतात, सगळ्यांचं समाधान होतं. एक बाजू दुसरीपेक्षा खूपच मोठी असेल तर तपासायलाही पाठवतो, एरवी मुलांमध्ये बायोप्सी सहसा लागत नाही. आतून काढले तर मात्र दाखवायला काहीच उरत नाही, सगळं कांडीतून सलाइनबरोबर बाटलीत गेलेलं असतं. एका काकांनी बाहेर आल्यावर रिकामी डबी बघितली आणि शांतपणे विचारलं, "मग पैसे कशाचे घेतले?" मी त्यांना रात्री झोपलेल्या नातवाजवळ जाऊन बसायला सांगितलं. सकाळी म्हणाले, आवाजच येत नव्हता, मी दोनदा नाकाखाली बोट धरून बघितलं.